आनंदाचे ऋण : श्रीहैबतबाबा आरफळकर

दुःखात देव सर्वांनाच आठवतो. सुख घरी आले म्हणजे मात्र ती आठवण पातळ होते, हा आमचाही अनुभव आहे. म्हणून आज श्रीहैबतबाबांचे चरित्र थोडक्यात सांगावे, असे आमच्या मनात आले.

बाबा मूळचे सातारा प्रांतातील आरफळ गावचे पवार. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते. पुष्कळ द्रव्य घेऊन ते गावाकडे निघाले, तो वाटेत सातपुड्याच्या रानात भिल्लांनी त्यांना गाठले. धन गेले, आणि सोबत्यांसह ते गुहेत कोंडले गेले. तोंडावर शिळा लागली. हैबतरावांनी आत हरिपाठाचा घोष चालविला. परंपरा असे सांगते की, अशात त्या भिल्ल नायकाच्या घरी पुत्र जन्मला. त्या आनंदात त्याने शिळा दूर करविली, बंदी सोडले आणि लुटलेले धनही परत दिले.

आता बघा मायबाप, येथे आनंद दोघांना झाला. नायकाला मुलगा झाला, हैबतरावांना दुसरा जन्म मिळाला. नायकाने त्या आनंदात दुसऱ्याची सुटका केली. मग सुटलेल्याने काय करावे? द्रव्य हाती, गावाची वाट मोकळी. सुटलो बुवा, असे म्हणून ते घरी सुखाने बसले असते, तर कोणी नावे ठेवली नसती. परंतु ते आळंदीस आले आणि उरलेले आयुष्य त्यांनी माउलींच्या चरणी वाहिले.

बरे, समाधीपुढे एकट्याने बसूनही हे सुख भोगता आले असते. बाबांनी ते वाटले. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केलेल्या पालखीतूनच पूर्वी माउलींच्या पादुका पंढरीस जात. सन १८३२ च्या सुमारास बाबांनी माउलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू दिले. दिंड्यांचा क्रम लागला, भजनाला शिस्त आली. फौजेत जे शिकले, ते देवाच्या दारी कामाला आले. आजही अंकलीहून अश्व चालत आळंदीस येतात, आणि लाखो पावले त्या वाटेने पंढरीस जातात.

एवढे करून बाबांनी जागा घेतली ती महाद्वारातल्या पायरीची. कार्तिकी वद्यात माउलींच्या समाधिसोहळ्याचा आरंभ होतो तो याच पायरीच्या पूजनाने.

आपल्याही घरी नवी सून येते, नातू जन्मतो, नोकरीचे जू उतरून मोकळे दिवस लागतात. पेढे अवश्य वाटावे, गोड खावे, मनसोक्त हसावे. आनंदाला लाजू नये. पण त्याच दिवशी आपल्या हाताने कोणाच्या दारावरची शिळा हलते का, तेही पाहावे. हलली, तर तो आनंद घरात पुरून उरला असे आम्ही समजतो.