छंदिष्ट फाळके

हिंदुस्थानांतील पहिला संपूर्ण कथापट काढणारे दादासाहेब फाळके यांचें नांव वाचकांस परिचित आहे. परंतु त्यांच्या घरची हकीकत फारशी कोणी सांगत नाहीं.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. मुंबईच्या विल्सन या मिशन कॉलेजांत ते अध्यापक झाले. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे. १८८५ सालीं तो जे. जे. कलाशाळेंत दाखल झाला. पुढें बडोद्याच्या कलाभवनांत छायाचित्रण, मूर्तिकाम असे एकामागून एक नाद लागले. गोध्र्यास त्यांनीं छायाचित्रांचा धंदा मांडला. तेथें १९०० सालीं प्लेगनें पत्नी व मूल हिरावून नेलें. एका जर्मन जादुगारापासून विद्या शिकून, स्वतःचें नांव उलटें करून, 'प्रोफेसर केळफा' म्हणून ते जादूचे प्रयोगहि करीत. अशा माणसास लोक धरसोडीचा म्हणतात, आणि तें अगदींच चूक नव्हतें.

१९११ च्या सुमारास गिरगांवांत त्यांनीं प्रभु येशूच्या चरित्राचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असतां त्यांच्या मनश्चक्षूंपुढें राम-कृष्ण उभे राहिले. (आम्हां ख्रिस्ती मंडळींस या गोष्टीचें विशेष कौतुक वाटतें.) मग चित्रपट पाहण्याचा असा ध्यास लागला कीं झोप नाहीं, विश्रांति नाहीं; कांहीं काळ दृष्टीच गेली. उपचारांनीं ती परत येतांच विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ सालीं ते इंग्लंडास गेले व विल्यमसन कॅमेरा मिळवून आले. घरांत मुलेंबाळें असतां असें करणें हें धाडस कीं अविचार? माझ्या मतें दोन्ही.

परत आल्यावर त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला व ठराविक वेळानें एकेक चित्र असें दिवसेंदिवस टिपलें. शेतांत वाढलेल्या आमच्या मुलांस कोंबाचें नवल नाहीं. परंतु कित्येक दिवसांची वाढ एका मिनिटांत डोळ्यांपुढें घडतांना पाहून भांडवल देणारेहि थक्क झाले. तरी तारण म्हणून पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने द्यावे लागलेच.

या बाईंचा विवाह १९०२ सालीं झालेला. कोऱ्या फिल्मच्या कडांस छिद्रें नसत. अंधाऱ्या खोलींत बसून तीं त्या पाडीत. दिवसा उन्हांत पांढरी चादर धरून नटांवर प्रकाश टाकीत, आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकहि त्यांच्याकडेच. पुत्र भालचंद्र रोहिदास झाला. ३ मे १९१३ रोजीं 'राजा हरिश्चंद्र' मुंबईंत लोकांपुढें आला. १९१९ च्या 'कालियामर्दनां'त कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. आरंभीं तिचा नेहमींचा चेहरा हळूहळू कृष्णरूपांत विरतो, तेथें केळफाची जादू पुन्हां दिसते.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें फाळके निवर्तले. तोंवर बोलपटांचें युग आलें होतें, आणि त्यांच्या हातीं फारसें धन उरलें नव्हतें.