श्रीकृष्ण वेलिंगकर

लेफ्टनंट श्रीकृष्ण चंद्र वेलिंगकर (२४ ऑक्टोबर १८९४, मुंबई – ३० जून १९१८, फ्रान्स) हे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेले भारतीय वैमानिक होते. हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय व एरोल सेन यांच्यासह त्या युद्धातील चार आद्य भारतीय लढाऊ वैमानिकांत त्यांची गणना होते. विमान शत्रूच्या मुलखात पडल्यानंतर त्यांचा मृत्यू झाला. परंतु थडग्यावर नाव चुकीचे नोंदले गेल्यामुळे युद्ध संपल्यावरही बराच काळ ते बेपत्ताच मानले जात होते.

शिक्षण व हवाई दलात प्रवेश

वेलिंगकर यांचे उच्च शिक्षण केंब्रिज विद्यापीठाच्या जीझस कॉलेजात झाले. पुढे मिडलसेक्स येथील उड्डाण-विद्यालयात शिकून त्यांनी वैमानिकाचे प्रमाणपत्र मिळविले. त्या काळी लष्करातील लढाऊ अधिकाऱ्याची राजसनद भारतीयांना जवळजवळ दुर्लभ होती. वेलिंगकर यांनी रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये प्रवेश मागितला, तेव्हा विमान चालविण्याची पात्रता असूनही त्यांना प्रथम यांत्रिकाची जागा देऊ करण्यात आली. त्यांनी प्रयत्न सोडले नाहीत आणि १९१७ मध्ये त्यांना अधिकारिपदाची सनद मिळाली. १ एप्रिल १९१८ रोजी हे दल व नौदलाची हवाई शाखा यांचे विलीनीकरण होऊन रॉयल एअर फोर्स अस्तित्वात आले.

अखेरचे उड्डाण

फ्रान्समध्ये वेलिंगकर २३ व्या तुकडीत होते. ही तुकडी सॉपविथ डॉल्फिन हे एकासनी, दुपंखी लढाऊ विमान वापरीत असे. या विमानात वैमानिकाचे डोके वरच्या पंखांमधील मोकळ्या चौकटीतून बाहेर येई. त्यामुळे वरचे आकाश स्पष्ट दिसे. मात्र उतरताना विमान उलटल्यास वैमानिकाच्या जिवाला मोठा धोका असे. ब्रिटिश वैमानिकांना त्या युद्धात हवाई छत्रीही दिली जात नसे.

मार्च १९१८ मधील जर्मन चढाईनंतर आघाडी आमिअँ शहराच्या जवळ येऊन ठेपली होती. २७ जून १९१८ रोजी वेलिंगकर या भागात गस्तीसाठी गेले, ते परतले नाहीत. त्यांचे विमान आघाडीपलीकडे पडले होते. जर्मनांच्या ताब्यात असताना ३० जून रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

थडग्याचा शोध

ब्रिटिश बाजूस त्यांची नोंद बेपत्ता अशीच राहिली. मुंबईतील कुटुंबीयांना मुलगा जिवंत आहे की नाही, हेही कळेना. युद्धसमाप्तीनंतर चौकशी सुरू झाली, तेव्हा रुव्हरॉय या गावी जर्मनांनी पुरलेल्या एका अधिकाऱ्याचे थडगे आढळले. त्यावर वुमकर असे आडनाव होते. या नावाचा कोणीही अधिकारी ब्रिटिश दलात नव्हता. अनोळखी मराठी आडनाव जर्मन लेखनिकाच्या हातून बदलले होते. दफनाची तारीख, हुद्दा आणि नावाची आद्याक्षरे यांचा मेळ घातल्यावर ते थडगे वेलिंगकर यांचेच असल्याचे निश्चित झाले.

युद्धानंतर विखुरलेली थडगी मोठ्या दफनभूमींत एकत्र आणण्यात आली. त्यानुसार वेलिंगकर यांचे अवशेष आमिअँच्या आग्नेयेस असलेल्या हँगार्ड येथील सैनिकी दफनभूमीत आहेत. तेथील शिळेवर त्यांचे नाव असून, साम्राज्याच्या अत्यंत शूर सुपुत्रांपैकी एक या शब्दांत त्यांचा गौरव केलेला आहे.

ऐतिहासिक महत्त्व

चौघांपैकी इंद्रलाल रॉय हेही जुलै १९१८ मध्ये धारातीर्थी पडले. सेन युद्धकैदी झाले, पण जिवंत राहिले. मलिक पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत झाले. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी, म्हणजे वेलिंगकर यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी झाली. भारतीयांना विमानदलात अधिकारिपद देण्याबाबत शासन साशंक होते, त्या काळात या चौघांनी आपल्या कामगिरीने ती पात्रता सिद्ध केली होती.