अर्न्स्ट आबे

प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक यंत्राखाली कांद्याचा पापुद्रा पाहून हरखून गेला नाही, असा विद्यार्थी विरळाच. त्या यंत्रास गणिताचा भक्कम पाया ज्यांनी घातला, ते अर्न्स्ट आबे एका गिरणीकामगाराचे पुत्र होते.

त्यांचा जन्म २३ जानेवारी १८४० रोजी जर्मनीतील आयझेनाख गावी झाला. वडील सूतगिरणीत दिवसाचे चौदा ते सोळा तास उभ्याने राबत. दुपारी त्यांचे जेवण पोहोचविणाऱ्या लहानग्या अर्न्स्टने ते कष्ट पाहिले व जन्मभर ध्यानी ठेविले. गिरणीच्या मालकाच्या साह्याने त्यांचे शिक्षण झाले आणि १८६३ मध्ये ते येना विद्यापीठात अध्यापक झाले.

येना येथे कार्ल झाइस सूक्ष्मदर्शक यंत्रे बनवीत. तोवर भिंगे केवळ अनुभवाने व अंदाजाने जुळविली जात. १८६६ साली झाइस यांनी आबे यांचे साह्य मागितले. गणिताने रचलेली पहिली भिंगे जुन्यांहूनही वाईट ठरली. परंतु खचून न जाता आबे यांनी त्याचे कारण शोधिले. १८७३ साली त्यांनी दाखविले की, भिंग कितीही निर्दोष असले तरी प्रकाशलहरीच्या सुमारे निम्म्या लांबीहून जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. हे अंतर मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाइतके आहे.

प्रत्येक बिंदू चित्रात किंचित पसरतो, म्हणून चित्र धूसर होते. तो कसा पसरतो हे एका अतिसूक्ष्म मण्याचे चित्र घेऊन मोजावे, आणि संगणकाकडून उलट गणित करवून पसरलेला प्रकाश मूळ स्थानी न्यावा, या आजच्या रीतीस डीकॉन्व्होल्यूशन म्हणतात. तिने पेशींची चित्रे रेखीव होतात. मात्र जो तपशील भिंगाने टिपलाच नाही, तो गणितही खात्रीने देऊ शकत नाही.

ज्या १८८९ साली आपल्या नगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, कापसाची गिरणी उभी राहिली, त्याच साली आबे यांनी झाइस यांच्या नावे न्यास स्थापिला व पुढे कारखान्यातील आपली मालकी त्यास अर्पण केली. १९०० साली तेथे कामाचा दिवस आठ तासांचा झाला. पगारी रजा व निवृत्तिवेतनही कामगारांस लाभले. १४ जानेवारी १९०५ रोजी आबे निवर्तले.

विद्यार्थी मित्रहो, दोष झाकू नये. तो नीट मोजावा, म्हणजे सुधारण्याची वाट सापडते. आबे यांनी भिंगाचा दोष तसा मोजिला, आणि पित्याच्या कष्टांचे मोलही.