छऱ्याची बंदूक आणि पिवळ्या गळ्याची चिमणी

दिवाळीच्या सुटीत नातू भातकुलीला आला आणि आल्या आल्या त्याने छऱ्याच्या बंदुकीचा हट्ट धरला. अमरावतीच्या एका दुकानात त्याने ती पाहिली होती. मी होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. माझी सारी नोकरी बँकेत, जामीनदार कोण हे विचारण्यात गेली. या पोरालाही तेच विचारावेसे वाटले. आणि आठवण झाली ती सालिम अलींची. या देशातला पाखरांचा सर्वांत मोठा जाणकार घडला, तो अशाच एका बंदुकीच्या निमित्ताने.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात या पोरक्या भावंडांना वाढवले. मामा हौशी शिकारी. त्यांनीच भाच्याला खेळण्यातली एअरगन दिली. मग काय, दिसेल ती चिमणी हे सावज. एका घरट्याशी राखण करणारा नर त्याने टिपला, तर मादीने दुसरा नर आणला. तोही टिपला, तर तिसरा आला. सात दिवसांत आठ नर पडले. आज वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाने हे सारे वहीत टिपून ठेवले होते, हेही विसरता येत नाही.

१९०८ च्या सुमारास पडलेली एक चिमणी मात्र वेगळी निघाली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खायला चालेल की नाही, अशी शंका मुलाला आली आणि तो मामांकडे गेला. मामांनाही ती ओळखता येईना. इथे मामांनी वेळ मारून नेली असती, तर गोष्ट तिथेच संपली असती. पण ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे जुने सभासद. त्यांनी भाच्याला सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्डसाहेबांनी चिमणी ओळखली, पेंढा भरून जतन केलेले पक्षी दाखवले, आणि पुढे कातडे सोलून नमुना कसा टिकवायचा, नोंद कशी ठेवायची, हे शिकवण्याची व्यवस्थाही केली.

पुढचा प्रवास सरळ नव्हता. ब्रह्मदेशातला धंदा जमला नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याता झाले, मग बर्लिनला श्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले. परतल्यावर नोकरी नव्हती. तेव्हा अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीची घरटी पाहत बसले आणि त्या निरीक्षणाने नाव झाले. १९३९ साली पत्नी तेहमिना गेल्या. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक आले. रिप्ली यांच्यासह लिहिलेले दहा खंड १९६८ ते १९७४ या काळात निघाले. २० जून १९८७ रोजी, नव्वदी ओलांडून, ते गेले.

त्यांनी बंदूक टाकून दिली, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. अभ्यासाच्या नमुन्यांसाठी त्यांनी आयुष्यभर पक्षी मारले, आणि ते लपवलेही नाही. पण मोजदादीच्या शौकासाठी मारणे त्यांना मान्य नव्हते. भरतपूरच्या तळ्यांवर १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. तारीख होती १२ नोव्हेंबर, सालिम अलींचा वाढदिवस! त्याच भरतपूरची पाणथळ वाचावी म्हणून ते पुढे झटले. १९८२ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले.

आता माझे सांगतो. माझ्याही मामाकडे छऱ्याची बंदूक होती, पण ती माझ्या हाती देऊन मामा शेतावर निघून जाई. एका दुपारी विहिरीच्या काठावर बसलेल्या होल्यावर मी नेम धरला. होला उडाला. छरा दगडावर आपटून उलटला आणि मामेभावाच्या भुवईत रुतला. बोटभर खाली असता तर डोळा गेला असता. तो व्रण आजही त्याच्या कपाळावर आहे आणि माझ्या मनावरही.

म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगाव्याशा वाटतात. ४.५ मिलिमीटरचा छरा सेकंदाला शंभर मीटरहून अधिक वेगाने जातो. बंदूक रिकामी आहे असे कधीच धरून चालू नये. नळी माणसाकडे वळवू नये, आणि नेम धरेपर्यंत बोट घोड्यावर ठेवू नये. निशाण्यामागे काय आहे ते आधी पाहावे. मातीचा ढीग चालेल. दगड, पत्रा आणि पाणी चालणार नाही. डोळ्यांना चष्मा हवा, बाजूला मोठे माणूस हवे. काम झाले की बंदूक रिकामी करून एका कपाटात आणि छरे दुसऱ्या कपाटात, कुलपात. साध्या, कमी शक्तीच्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून ती खेळणे ठरत नाही. आणि रानपाखरू मारणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. अरुणाचलात तर २०२१ पासून गावोगावच्या लोकांनी आपल्या एअरगन सरकारजमा केल्या आहेत.

नातवाला मी अट सांगितली. निशाणा कागदाचा, मागे मातीचा बांध, किल्ली माझ्याकडे, आणि मी शेजारी बसेन तेव्हाच बंदूक हातात. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह. तेवढे दिवस बंदूक कपाटात, आणि तुरीच्या शेतात जाऊन पाखरे नुसती मोजायची, वहीत लिहायची. ओळखता आले नाही, तर मला विचारायचे. मलाही आले नाही, तर दोघांनी मिळून जाणकाराकडे जायचे. जरा कुरकुरून त्याने मान्य केले. कागदपत्र पुरे झाले. जामीनदार म्हणून सही माझी.