शाळेचा संडास आणि आप्पासाहेब पटवर्धन

ग्रामीण प्राथमिक शाळेत शौचालय बांधणे हे काम सरकारी योजनांनी आता पुष्कळसे सुकर केले आहे. ते रोज स्वच्छ कोणी करायचे, हा प्रश्न मात्र बांधकामाच्या अंदाजपत्रकात बसत नाही. नेमक्या याच प्रश्नासाठी आयुष्य वेचणारा तत्त्वज्ञानाचा एक पदवीधर कोकणात होऊन गेला.

सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांचा जन्म १८९४ साली रत्नागिरी जिल्ह्यात एका ब्राह्मण कुटुंबात झाला. तत्त्वज्ञान विषयात एम.ए. झाल्यावर त्यांनी काही काळ अध्यापन केले. गांधीजींच्या संपर्कात आल्यावर मात्र त्यांचा मार्ग बदलला. गांधीजींची आत्मकथा मराठीत आणण्याचे काम त्यांनी केले. १९३० च्या शिरोडे येथील मिठाच्या सत्याग्रहात ते अग्रभागी होते. पुढे कोकणचे गांधी ही ओळख त्यांना लाभली. पण त्यांचे खरे वेगळेपण दिसले ते तुरुंगात.

१९३२ मध्ये रत्नागिरीच्या कारागृहात असताना आप्पासाहेबांनी मैलासफाईचे काम मागून घेतले. त्या काळच्या तुरुंगात हे काम जातीनुसार वाटले जाई, त्यामुळे सवर्ण कैद्याची ही मागणी नाकारण्यात आली. आप्पासाहेबांनी विरोध म्हणून आहार तोडला. ही वार्ता येरवड्यात कळताच गांधीजींनी ३ डिसेंबर १९३२ रोजी त्यांच्या समर्थनार्थ उपोषण आरंभले. सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर ते लवकरच सुटले आणि पुढे हे काम स्वेच्छेने मागणाऱ्या सवर्ण कैद्यांना मुभा देण्यात आली. शिक्षा सोसण्यासाठी उपोषणे पुष्कळ झाली असतील. झाडू आणि बादली मिळावी म्हणून झालेले उपोषण विरळाच. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतील जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मागणीचे मोल कळते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये त्यांनी कणकवली येथे गोपुरी आश्रमाची स्थापना केली. मेलेल्या जनावरांची कातडी सोडवणे, चामडे कमावणे, खत तयार करणे ही समाजाने हीन ठरवलेली कामे तेथे आश्रमवासी स्वतः करीत. आप्पासाहेबही त्याला अपवाद नव्हते. मात्र सवर्णांनी हाती झाडू घेतल्याने प्रश्न सुटत नाही, हे त्यांनी ओळखले होते. टोपलीचा संडास आहे तोवर ओला मैला कोणाला तरी उचलावाच लागणार. तेव्हा बदलायला हवा तो संडासच.

आप्पासाहेबांनी गावकऱ्याला परवडेल अशा सोप्या संडासाचा ध्यास घेतला. अशा संडासांमागचे तत्त्व साधे आहे. दोन खड्डे घ्यायचे आणि एका वेळी एकच वापरायचा. पहिला भरला की तो बंद करून दुसरा सुरू करायचा. बंद खड्ड्यातील मैला दीड-दोन वर्षांत कुजून कोरडा, गंधहीन होतो. शेतकऱ्याच्या भाषेत ते सोनखत. ते काढायला विशिष्ट जातीच्या माणसाची गरज उरत नाही. घरचा माणूस फावड्याने काढू शकतो. उताराचे भांडे असले तर दर वेळी दीड-दोन लिटर पाणी पुरते.

शाळांच्या बाबतीत ही शेवटची गोष्ट किरकोळ नाही. २०१४-१५ मधील स्वच्छ विद्यालय मोहिमेत २ लाख ६१ हजार शाळांत ४ लाख १७ हजार शौचालये बांधल्याचे सरकारने जाहीर केले. त्यापैकी सार्वजनिक उपक्रमांनी बांधलेल्या काही शौचालयांची महालेखापरीक्षकांनी पाहणी केली. २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालानुसार ७२ टक्के ठिकाणी आत वाहते पाणी नव्हते आणि बहुसंख्य शौचालयांची रोज सफाई होत नव्हती. पाणी नसले की दुर्गंधी सुटते, आणि मग मुले पुन्हा शाळेमागच्या झुडपाकडे वळतात. सफाईसाठी माणूस नसला की काही ठिकाणी ते काम दलित मुलांच्याच माथी मारले गेल्याच्या बातम्या वेगवेगळ्या राज्यांतून येत राहिल्या आहेत. १९३२ च्या तुरुंगातील वाटणी अशा वर्गात सहज शिरते. पाळीपाळीने सर्वांनी करायचे काम आणि जात पाहून एकावर लादलेले काम यांतील अंतर दाखवण्यातच आप्पासाहेबांची हयात गेली.

पुण्याजवळील देहू येथे वैद्यकीय अधिकारी म्हणून आलेल्या डॉ. सुहास मापुसकर यांनी १९६० च्या सुमारास गावात शौचालये उभारली, तेव्हा त्यांतील बरीचशी पावसाळ्यात कोसळली. पुढे त्यांना आप्पासाहेबांच्या रचनेचा आधार मिळाला. देहूत घरोघरी शौचालये होण्यास आणखी बरीच वर्षे लागली. घरामागे खड्डा असणे लोकांना सुरुवातीस किळसवाणे वाटे. मैल्यापासून इंधनवायू मिळवण्याचे प्रयोगही मापुसकरांनी पुढे नेले.

आप्पासाहेबांचे निधन १९७१ साली झाले. त्यांचे आत्मचरित्र ‘माझी जीवनयात्रा’ या नावाने प्रसिद्ध आहे. देहू येथे मापुसकरांनी स्थापन केलेल्या सफाई व पर्यावरण तंत्रनिकेतनाला आप्पा पटवर्धन हे नाव देण्यात आले. मापुसकरांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.