अहिल्याबाई आणि वाटसरू

आमच्या बालपणी कोकणात भाद्रपद जवळ आला, की गावकरी कोयते घेऊन वाटा बेणण्यास निघत. तीन महिन्यांच्या पावसाने पाणंदीवर रान माजलेले असे, ओढ्यावरचा साकव खिळखिळा झालेला असे. गणपती डोक्यावर घेऊन येणाऱ्याचा पाय घसरू नये, म्हणून चतुर्थीपूर्वी हे काम उरके. वाट कोणाच्या मालकीची, हा प्रश्न कोणी विचारीत नसे.

पुढे उदरनिर्वाहाच्या निमित्ताने आम्ही सुरत जिल्ह्यात पलसाण्यास येऊन राहिलो. येथे डोंगर नाहीत. सपाट भुई, उसाची शेते, कालवे आणि कापडाच्या गिरण्या. मागील वर्षी शाळेतील मुलांनी कालव्याकडे जाणारी पाऊलवाट मोठ्या हौसेने साफ केली व दोन्ही अंगांस कडुनिंबाची रोपे लावली. वृद्ध मंडळी सकाळसंध्याकाळ तिकडे फिरावयास येऊ लागली, गिरणीतून परतणारे कामगारही त्याच वाटेने घरी जाऊ लागले. मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी कोणी घालावयाचे, हे आम्ही ठरविलेच नव्हते. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा रोपे बहुतेक वाळून गेली होती आणि वेड्या बाभळीने निम्मी वाट गिळली होती. दोष मुलांचा नव्हे, आमचा होता. त्यानंतर अहिल्याबाई होळकरांचे चरित्र आम्ही पुन्हा वाचावयास घेतले, आणि पूर्वी ज्यावरून नजर सहज घसरत असे त्या गोष्टींपाशी आम्ही थांबू लागलो.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी या खेड्यात झाला. हे गाव आज अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. मल्हारराव होळकरांनी ही मुलगी देवळात पाहिली व सून म्हणून पसंत केली, अशी कथा सांगतात. १७३३ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. सती जाण्यास निघालेल्या सुनेस मल्हाररावांनी अडविले आणि पुढे कारभारात तिला आपला उजवा हात केले. मोहिमेवरून ते सुनेस पत्रे लिहीत, ती तोफखान्याच्या तयारीसंबंधी असत. सासऱ्याने सुनेस दारूगोळ्याचा हिशेब सोपवावा, ही गोष्ट त्या काळी काही लहान नव्हे.

मल्हारराव १७६६ मध्ये निवर्तले. नातू मालेराव गादीवर आले, पण वर्षही पुरे होण्यापूर्वी, १७६७ मध्ये, तेही गेले. दौलतीचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी रघुनाथरावांस बोलावून राज्य हस्तगत करण्याचा घाट घातला. बाईंनी लढाईची सिद्धता केली व शेजारच्या सरदारांस साहाय्यार्थ पत्रे धाडली. माधवराव पेशव्यांचा कौल बाईंच्या बाजूने पडला आणि रघुनाथरावांस माघार घ्यावी लागली. फौजेची धुरा तुकोजी होळकरांकडे गेली. मुलकी कारभार बाईंनी नर्मदाकाठच्या महेश्वराहून अठ्ठावीस वर्षे केला. महेश्वरी लुगडी विणणारे कारागीर त्यांनीच तेथे वसविले. त्यांत सुरतेहून गेलेलेही होते, असे म्हणतात. आमच्या शाळेतील कित्येक मुलांचे वडील यंत्रमागावर काम करतात, त्यांना हे ऐकून बरे वाटेल.

काशीचे विश्वनाथमंदिर, सोमनाथाचे १७८३ मधील नवे मंदिर, गयेचे विष्णुपद ही नावे पाठ्यपुस्तकात येतात आणि मुले ती पाठ करतात. परंतु मंदिरापर्यंत माणूस पोहोचत कसा असे? त्या काळी बहुतेक लोक पायीच निघत. घरून निघालेला यात्रेकरू परत येईल याची शाश्वती नसे. वाटेत पाणी नसले, रात्री छप्पर नसले, खिंडीत लुटारू असले, तर देव दूरच राहिला. बाईंनी मंदिरांइतकेच लक्ष वाटांकडे दिले. माळव्यात आणि माळव्याबाहेर त्यांनी विहिरी, धर्मशाळा व घाट बांधले. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य हिंदुस्थानावरील आपला ग्रंथ १८२३ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा बाईंना पाहिलेली माणसे हयात होती. त्यांच्याकडून ऐकून तो लिहितो, की उन्हाळ्यात वाटसरूंस पाणी देण्यासाठी रस्त्यांवर माणसे नेमलेली असत. महेश्वराच्या परिसरात बाईंचे सेवक नांगरणी थांबवून शेतकऱ्याच्या बैलांनाही पाणी पाजीत, असेही तो सांगतो. विहीर खोदणारे पुष्कळ असतात. चैत्र-वैशाखात तिथे घडा घेऊन बसणाऱ्या माणसाचा पगार कोठून द्यावयाचा, याचा विचार करणारे विरळा.

नर्मदेच्या खोऱ्यातून विंध्य चढून माळव्याच्या पठारावर जावयाचे, तर जाम घाट ओलांडावा लागे. तेथे कडा जवळजवळ उभा आहे. बाईंनी फार खर्च व श्रम करून त्यावरून रस्ता नेला, आणि वर दगडी दरवाजा उभारला. महूहून मंडलेश्वराकडे जाताना तो आजही लागतो. पावसाळ्यात इंदूरकर मंडळी तेथे केवळ ढग पाहावयास जातात.

रस्ता बांधला तरी डोंगरात भिल्लांचे भय होतेच. प्रथम बाईंनी कठोर उपाय योजले. मग त्यांच्या ध्यानी आले असावे, की जो त्या रानात राहतो, त्याच्या इच्छेविरुद्ध त्या रानातली वाट चालू राहणे अशक्य आहे. डोंगरातून जाणाऱ्या मालावर अल्पशी भिलकवडी घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला. बदल्यात आपापल्या हद्दीतील वाटसरूंचे रक्षण, चोरीस गेलेल्या मालाचा शोध आणि पडीक जमिनीची लागवड ही जबाबदारी त्यांच्यावर टाकली. ज्याच्यापासून वाटेला धोका, तोच वाटेचा राखणदार झाला. आमच्या मते बाईंच्या साऱ्या कारभारात याहून शहाणपणाची गोष्ट दुसरी नाही, आणि चरित्रकार बहुधा तिला दोन ओळींत उरकतात.

हा सर्व खर्च येई कोठून? होळकरांच्या घरात दौलत आणि खासगी असे दोन भाग होते. दौलत ही राज्याची. खासगी ही राणीच्या स्वतःच्या गावांचे उत्पन्न. धर्मकार्याचा भार बाईंनी मुख्यतः खासगीवर ठेवला, आणि ठिकठिकाणच्या देवळांस, घाटांस व अन्नछत्रांस दरसालच्या नेमणुका बांधून दिल्या. बांधकामाबरोबरच त्याच्या देखभालीची सोय, अशी त्यांची रीत होती. तुकोजींना मोहिमांसाठी पैशाची सदैव निकड असे, त्यावरून उभयतांत वारंवार खटके उडत. हा पैसा फौजेवर खर्च झाला असता तर बरे झाले असते, असे म्हणणारे आजही भेटतात. फौजेची आवश्यकता आम्हांस मान्य आहे. पण ज्या तोफा ओतल्या असत्या त्या आज कोठे असत्या, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

घरात मात्र सुख नव्हते. मुलगी मुक्ताबाई हा एकच आधार उरला होता. लुटारूंचा बंदोबस्त करणाऱ्या यशवंतराव फणसे यांना बाईंनी ती दिली होती, असे परंपरा सांगते. म्हणजे त्या विवाहाच्या मुळाशीही वाटेची निर्धास्ती होती. मुक्ताबाईंचा तरुण पुत्र गेला, त्यामागून १७९१ मध्ये यशवंतराव गेले, आणि मुक्ताबाई सती निघाल्या. बाईंनी परोपरीने विनविले, ते व्यर्थ झाले. सासऱ्याचे म्हणणे त्यांनी स्वतः ऐकले होते. त्यांचे म्हणणे मुलीने ऐकले नाही. नर्मदेच्या काठी त्यांना ते पाहावे लागले. तीन दिवस त्यांनी अन्नास स्पर्श केला नाही. नंतर त्या पुन्हा कामास लागल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी त्यांचे देहावसान झाले.

बाईंच्या पश्चात त्या नेमणुकांचे काय झाले? होळकर संस्थान टिकले तोवर खासगीची व्यवस्था कमीअधिक चालत राहिली. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. तेव्हा खासगीचे उत्पन्न सरकारकडे गेले आणि त्याऐवजी सरकारने या धर्मादायासाठी दरसाल २,९१,९५२ रुपये कायमचे बाजूस काढावेत, असे ठरले. त्या रकमेस कायमची म्हटले होते. पण रुपयाची किंमत कायम राहत नाही, हे घरखर्चाची वही लिहिणाऱ्या कोणत्याही गृहिणीस ठाऊक आहे. १९६२ मध्ये या मालमत्तांसाठी खासगी न्यास स्थापन झाला. पुढे त्यांपैकी काही मालमत्तांच्या विक्रीवरून वाद उद्भवला. हरिद्वारचा कुशावर्त घाटही त्यात सापडला. प्रकरण मध्य प्रदेश उच्च न्यायालयात व तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा सार्वजनिक न्यास असल्याचा व त्यास सार्वजनिक न्यासांचा कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. घाट बांधून सव्वादोनशे वर्षे झाली, आणि तो सांभाळावयाचा कोणी, याचा निकाल आपल्या पिढीत लागला.

नर्मदेची परिक्रमा करणारे लोक आजही महेश्वराच्या घाटावर उतरतात. काही श्रद्धेने चालतात, काही केवळ चालण्याच्या ओढीने. घाटाच्या पायऱ्या त्या दोघांत भेद करीत नाहीत.

कालव्याच्या वाटेवरील बाभळी मुलांनी दिवाळीनंतर पुन्हा तोडल्या, आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावली आहेत. या खेपेस शिक्षकांच्या खोलीत एक वही ठेवली आहे. मे महिन्यातील पाणी घालण्याच्या पाळ्या तीत लिहावयाच्या आहेत. पहिल्या पंधरवड्याची नावे भरली. दुसऱ्या पंधरवड्याची पाने अद्याप कोरी आहेत. कालव्यालगत राहणाऱ्या व सुट्टीत गावी न जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी आम्हांस भेटावे.