एरिक एरिक्सन : एक संज्ञा आणि तिच्यामागील जीवन

‘आयडेंटिटी क्रायसिस’ ही संज्ञा मराठी समीक्षेत, वृत्तपत्रीय लेखनात आणि नित्याच्या संभाषणातही सर्रास आढळते. राजकीय पक्ष, भाषा, शहर, नोकरी बदलणारा मनुष्य अशा भिन्न स्वरूपाच्या विषयांना ती सारख्याच सहजतेने लावली जाते. ही संज्ञा रूढ करणारे मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांचे जीवन मात्र त्यामानाने अपरिचित राहिले आहे. ते लक्षात घेतल्यास संज्ञेचा मूळ आशय आणि तिच्या वापराची मर्यादा या दोहोंवर प्रकाश पडतो.

एरिक्सन यांचा जन्म १५ जून १९०२ रोजी जर्मनीत फ्रँकफर्टजवळ झाला. आई कार्ला अब्राहमसेन ही कोपनहेगनमधील ज्यू कुटुंबातील. पतीपासून ती पूर्वीच विभक्त झाली होती. मुलाला त्या पतीचे सालोमोनसेन हे आडनाव लाभले. परंतु तो त्याचा पिता नव्हता. पिता कोण, हे एरिक्सन यांना अखेरपर्यंत समजले नाही. १९०५ मध्ये कार्लाने कार्ल्सरूहे येथील बालरोगतज्ज्ञ थिओडोर होम्बुर्गर यांच्याशी विवाह केला. होम्बुर्गर हेच आपले जन्मदाते आहेत, अशा समजुतीत एरिकचे बालपण गेले. उंच बांध्याचा, निळ्या डोळ्यांचा हा मुलगा सिनेगॉगमध्ये परका ठरे आणि शाळेत ज्यू म्हणून हिणवला जाई. दोन्ही ठिकाणी त्याची ओळख इतरांनीच निश्चित केली होती, आणि ती एकमेकींशी जुळणारी नव्हती.

शालेय शिक्षणानंतर त्यांनी विद्यापीठाची वाट धरली नाही. चित्रकार होण्याच्या इच्छेने ते काही वर्षे युरोपभर भटकले, म्युनिक व फ्लॉरेन्स येथे राहिले. ही वर्षे बाह्यतः निष्फळ होती. पुढे त्यांनी तारुण्यातील ज्या विरामकाळाचे विवेचन केले, त्यामागे हा अनुभव असावा असे मानण्यास जागा आहे. निश्चित भूमिका स्वीकारण्यापूर्वी समाज तरुणाला थांबण्याची, चाचपडण्याची मुभा देतो, तो हा काळ होय.

१९२७ मध्ये बालमित्र पीटर ब्लॉस यांच्या निमंत्रणावरून ते व्हिएन्नातील एका छोट्या शाळेत शिक्षक म्हणून गेले. अ‍ॅना फ्रॉइड यांच्याकडे त्यांचे मनोविश्लेषण व प्रशिक्षण झाले. १९३० मध्ये त्यांनी जोन सर्सन यांच्याशी विवाह केला. एरिक्सन यांच्या लेखनात जोन यांचा वाटा मोठा आहे. १९३३ मध्ये प्रशिक्षण पूर्ण होताच या कुटुंबाने व्हिएन्ना सोडले आणि डेन्मार्कमध्ये स्थायिक होण्याचा प्रयत्न फसल्यावर अमेरिका गाठली.

१९३९ मध्ये अमेरिकी नागरिकत्व स्वीकारताना त्यांनी एरिक्सन हे आडनाव घेतले. त्याचा शब्दशः अर्थ एरिकचा पुत्र. पित्याचा शोध ज्याला लागला नाही, त्याने जणू स्वतःलाच आपला पिता केले. सावत्र पित्याचे नाव मधल्या जागी राहिले. या नामांतरातून ज्यू वारसा झाकण्याचा प्रयत्न झाला, असा आक्षेप मार्शल बर्मन यांनी १९७५ मध्ये घेतला आणि तो वाद बराच गाजला. प्रस्थापित ओळख नाकारण्याचे स्वातंत्र्य आणि तिचे उत्तरदायित्व यांतील ताण एरिक्सन यांच्या जीवनात पूर्णपणे सुटला, असे म्हणता येत नाही.

या संज्ञेचा उगम दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील. सॅन फ्रान्सिस्को येथील माउंट झायन रुग्णालयात युद्धावरून परतलेल्या सैनिकांवर उपचार होत. त्यांतील काही जण वेडे नव्हते आणि आजाराचे सोंगही करीत नव्हते. कालचा मी आणि आजचा मी एकच आहे, ही सलगतेची जाणीवच त्यांच्या ठायी तुटली होती. पुढे तशीच अवस्था एरिक्सन यांना अस्वस्थ तरुणांत दिसली. ‘चाइल्डहुड अँड सोसायटी’ (१९५०) या ग्रंथात त्यांनी मानवी जीवनाचे आठ टप्पे मांडले व किशोरावस्थेच्या टप्प्याशी हा पेच जोडला. त्याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापकांवर लादलेल्या निष्ठेच्या शपथेला जाहीर विरोध करून ते तेथून बाहेर पडले. ‘यंग मॅन ल्यूथर’ (१९५८) मध्ये त्यांनी एका धर्मसुधारकाच्या तारुण्यातील पेच इतिहासाशी कसा जोडला जातो, हे दाखविले. विद्यापीठीय पदवी नसताना १९६० मध्ये ते हार्वर्ड येथे प्राध्यापक झाले. १९६२ मध्ये ते अहमदाबादला आले. तेथील १९१८ च्या गिरणी संपाचा वेध घेणारा ‘गांधीज ट्रुथ’ हा ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यास पुलित्झर पारितोषिक मिळाले.

संज्ञेची लोकप्रियता त्यांच्या हयातीतच त्यांना अडचणीची वाटू लागली. ‘आयडेंटिटी : यूथ अँड क्रायसिस’ (१९६८) या ग्रंथाच्या प्रारंभी त्यांनी तिच्या ढिलाईने होणाऱ्या वापराची मिस्कील उदाहरणे दिली आहेत. एखादे खंड, एखादा उद्योग, इतकेच नव्हे तर विद्यार्थ्यांची ठराविक वेळी भरणारी सभा, यांनाही ती चिकटली होती. त्यांच्या दृष्टीने क्रायसिस म्हणजे कोसळणारी आपत्ती नव्हे. जेथून वाढ एका दिशेस किंवा दुसऱ्या दिशेस वळते, ते अपरिहार्य वळण म्हणजे क्रायसिस.

मराठीत ‘अस्मितेचे संकट’ असा अनुवाद केला की नेमका हाच आशय निसटतो. ‘संकट’ या शब्दात बाहेरून आलेल्या अरिष्टाचा भाव प्रबळ आहे. ‘अस्मिता’ हा शब्द पतंजलींच्या योगसूत्रांत पाच क्लेशांपैकी एक असला, तरी आधुनिक मराठीत तो सामूहिक अभिमानाचा वाचक झाला आहे. परिणामी, अंतर्गत वळणाची संज्ञा हल्ला व बचाव यांच्या भाषेत रूपांतरित होते. ‘स्वत्वाचा पेच’ ही शब्दयोजना त्यामानाने अधिक जवळची ठरेल.

तथापि शब्द बदलल्याने प्रश्न संपत नाही. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांनाच सांगतो. दोन नावांमधील हे अंतर केवळ वयात येण्याचे नाही. ते जातिव्यवस्थेने निर्माण केले आहे. त्यास निव्वळ व्यक्तिगत पेच म्हणणे म्हणजे अन्यायाची जबाबदारी सोसणाऱ्याच्या मनावर टाकणे होय. समाजाने लादलेली हीन प्रतिमा मनात कशी रुजते, याची दखल एरिक्सन यांनी नकारात्मक स्वत्वाच्या विवेचनात घेतली होती. त्यांच्या मते व्यक्तीचे स्वत्व समाजापासून अलग काढता येत नाही. संज्ञा वापरताना त्यांच्या विचाराचा हा अर्धा भाग गाळणे, ही तिच्या सैल वापराची सर्वांत महाग किंमत आहे.

१२ मे १९९४ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील हार्विच येथे एरिक्सन यांचे निधन झाले. पित्याच्या नावाचा प्रश्न तेव्हाही अनुत्तरितच होता. त्या प्रश्नासह जगता येते, हे मात्र त्यांच्या जीवनाने सिद्ध केले होते.